फुकटची लालपरी आणि मिरपूड मागणारे

आलेला प्रश्न, थोडा छाटून: "दादा, मी पिंपरीला राहतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. युरो ट्रक सिम्युलेटर २ या गेमसाठी मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून घालायची भर, म्हणून एसटीची लालपरी बनवली. आठ महिने गेले, फुकट दिली. गेमचं नवीन व्हर्जन आलं आणि बसचा आवाज गेला, काचा काळ्या पडल्या. तेव्हापासून रोज मेसेज येतात, 'अपडेट कधी', 'जमत नाही तर बनवतोस कशाला'. एकाने तर फाइल फोडून माझ्याच बसवर स्वतःचं नाव टाकलं. आता मॉड काढून टाकू, लॉक करू, की पैसे लावू?"

दादा म्हणालास म्हणून दादासारखंच सांगतो. दोन दिवस त्या फाइलला हात लावू नकोस. काढायचीही नाही, लॉकही नाही, किंमतही नाही. मॉडच्या बाबतीत माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक रात्री दोन वाजता, असाच एक प्रकार बघून डोकं फिरल्यावर झालेली आहे. ती पुढे येईलच.

मी या धंद्यात (धंदा आपलं म्हणायचं, यातून स्कूटरच्या पेट्रोलचेही पैसे सुटलेले नाहीत) क्रिकेट ०७ पासून आहे. तो गेम आला २००६च्या शेवटी आणि आयपीएल सुरू झाली एप्रिल २००८ मध्ये. म्हणजे गेममध्ये आयपीएल नव्हतीच. आपल्या पिढीने त्यात जे संघ, ज्या जर्सी, जे चेहरे घेऊन रात्र रात्र सामने खेळले, ते सगळे कुणीतरी घरी बसून केलेले होते. २०११ ला पुणे वॉरियर्स आली तेव्हा त्यांचे किट मी केले, सदाशिव पेठेतल्या एका कॉट बेसिसच्या खोलीत, रूममेटच्या कॉम्प्युटरवर, तो झोपल्यानंतर. आधी युवराजचा चेहरा जमला नाही म्हणून शिव्या. मग हंगामाच्या मध्येच गांगुली संघात आला, तर 'दादा कुठंय' म्हणून शिव्या. पुढच्या वर्षी गहुंजेला सामने सुरू झाले, लगेच 'स्टेडियम कधी टाकताय'. 'छान झालंय' म्हणणारे सगळे मिळून चार. त्यातला एक रूममेट.

'अन्नछत्रात जेवायचं आणि वर मिरपूड मागायची' ही म्हण तेव्हा मी दिवसातून दहा वेळा म्हणायचो. तिचा अर्धा भाग आजही मला पूर्ण पटतो. ज्याने एक रुपया दिलेला नाही, त्याला तुझ्या पुढच्या आठ महिन्यांवर हक्क सांगता येत नाही. 'अपडेट कधी' याला 'जमेल तेव्हा' एवढं उत्तर पुरे, आणि परीक्षेच्या दिवसांत तेवढंही दिलं नाहीस तरी चालेल.

पण म्हणीतला जेवणारा जेवतो, हात धुतो आणि घरी जातो. मॉड घेणारा घरी जात नाही. तो तुझी बस घेऊन रोज संध्याकाळी दोन तास हिंडतो. तिच्यासाठी त्याने गेमातल्या बँकेचं कर्ज काढलंय, तिच्यावर त्याचं अख्खं प्रोफाइल उभं आहे. स्कायरिमसारख्या गेममध्ये तर मॉडच्या स्क्रिप्ट सेव्हमध्येच (खेळाची प्रगती साठवलेल्या फाइलमध्येच) जाऊन बसतात. मध्येच मॉड काढला की शंभर तासांचा सेव्ह बिघडू शकतो. तुझे आठ महिने गेले तसे त्याचेही तास गेलेले असतात, फक्त ते तुला दिसत नाहीत. म्हणून माझा हिशोब असा आहे: नवीन काम मागायचा हक्क त्याला नाही. आधी दिलेलं काम त्याच्या अंगावर उलटू नये, एवढं मात्र तो मागू शकतो. तुझे तिन्ही पर्याय या मापाने मोजू.

आता माझी चूक. २०१३च्या सुमाराला माझा क्रिकेट ०७ चा पॅच (संघ-जर्सींच्या फाइलींचा संच) कुणीतरी सीडीवर भरून विकत होतं. शहरातल्याच एका दुकानात मला ती सीडी पन्नास रुपयांना मिळाली. आत फाइल माझीच, फक्त माझ्या नावाची रीडमी (मॉडबरोबर द्यायची माहितीची टेक्स्ट फाइल) गायब. पॅचबरोबर मी एक छोटा लाँचर, म्हणजे गेम सुरू करणारा प्रोग्राम, द्यायचो. त्या रात्री मी त्यात एक तपासणी घातली: रीडमी जागेवर नसेल तर सेव्हचा फोल्डर रिकामा करायचा. नवीन व्हर्जन म्हणून ते सोडलं आणि शांत झोपलो. सीडीवाल्याला त्याने काडीचा फरक पडला नाही, तो कुठे गेम खेळत होता! तीन आठवड्यांनी बार्शीच्या नववीतल्या एका मुलाची मेल आली. मामेभावाने त्याला पॅच पेनड्राइव्हवर दिला होता आणि कॉपी करताना 'ही टेक्स्ट फाइल कशाला' म्हणून रीडमी सोडून दिली होती. मुलाने मे महिनाभर खेळलेला वर्ल्ड कप गेला. त्याने शिवी दिली नाही. 'सर, माझ्याकडून काही चुकलं का?' एवढंच विचारलं होतं. लाँचर मी त्याच रात्री काढला. त्याला उत्तर लिहायला मात्र चार दिवस लागले.

असे सापळे लावणारा मी एकटा नाही. माइनक्राफ्टच्या सुरुवातीच्या काळात फॉरेस्ट्री नावाच्या मॉडच्या कर्त्याचं एका मॉडपॅकवाल्यांशी (अनेक मॉड एकत्र बांधून देणाऱ्यांशी) परवानगीवरून वाजलं. त्याने आपल्या मॉडमध्ये अशी सोय केली की त्या पॅकमध्ये मधमाश्यांचे स्फोट व्हावेत. ग्रेगटेक तर टिंकर्स कन्स्ट्रक्ट हा दुसरा मॉड शेजारी दिसला की गेमच पाडायचा. भांडण दोन कर्त्यांचं आणि गेम बंद पडतोय भलत्याच कुणाचा, ज्याला हे दोघे कोण हेही माहीत नाही. २०१८ मध्ये फ्लाइट सिम्युलेटरसाठी विमानं विकणाऱ्या फ्लाइट सिम लॅब्सच्या ए३२० विमानाच्या इन्स्टॉलरमध्ये क्रोम ब्राउझरमधले पासवर्ड काढून घेणारा प्रोग्राम सापडला. हे फक्त चोरीची सिरियल की वापरणाऱ्यांसाठी आहे, असं कंपनीचं म्हणणं. पण इन्स्टॉलर सगळ्यांना एकच होता, म्हणजे रीतसर पैसे मोजलेल्यांच्या कॉम्प्युटरवरही ती फाइल पोचलेली. रागाच्या भरात असलं काही सुचत असेल तर मला फोन कर. खरंच कर.

लॉक करण्याचं लवकर उरकतो. ईटीएसची (तुझ्या युरो ट्रकची) एससीएस फाइल, म्हणजे मॉडची फाइल, लॉक केलीस तर फोडणारा ती फोडणारच, त्याची साधनं सगळीकडे फिरतात. अडकतो तो साधा माणूस, ज्याला बसवर 'पुणे-सातारा'ऐवजी 'पुणे-नारायणगाव' अशी पाटी हवी होती. मी लॉक न करता खूण ठेवतो, अशा जागी की पाहणाऱ्याचं लक्षच जाणार नाही. तुझ्या बसमध्ये तर सोन्यासारखी जागा आहे: 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. त्या अक्षरांत एका वेलांटीचा कोन किंचित बदल, मागच्या बंपरचा एक रिव्हेट मुद्दाम दोन मिलिमीटर खाली घे, आणि मूळ थ्रीडी फाइल तारखेसकट जपून ठेव. उद्या कुणी 'हे माझं' म्हणाला तर बोट ठेवून दाखवता येतं.

ज्याने नाव बदललं त्याला आधी साधा मेसेज टाक: बस माझी आहे, माझं नाव परत टाक नाहीतर काढ. गावजेवणासारखा सगळ्या ग्रुपवर त्याचा उद्धार करू नकोस. माझ्या अनुभवात असे निम्म्याहून जास्त लोक पंधरा-सोळा वर्षांचे असतात. 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' या गेममध्ये मोबाइलवर एसटीच्या लिव्हरी (बसची रंगसंगती) लावत मोठी झालेली ही पोरं, त्यांना 'उचलणं' आणि 'बनवणं' यातला फरक कुणी सांगितलेलाच नसतो. नाही ऐकलं तर जिथे फाइल ठेवली आहे त्या साइटला कळव. आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७चा आहे तो) हक्क मिळायला नोंदणीची अट नाही. स्वतः काढलेलं मॉडेल काढल्या क्षणापासून तुझं. एसटीचं बोधचिन्ह मात्र महामंडळाचं आहे, हे विसरू नकोस. आणि आता जरा टोचणारा प्रश्न: चाकं कुठून आणलीस? आवाज कुणाचा? माझ्याकडच्या फाइलमध्ये मागच्या चाकांचं टेक्स्चर मला ओळखीचं वाटलं.

हे विचारतोय ते पैशांच्या पर्यायामुळे. वाल्व्ह (स्टीम हे गेमचं दुकान चालवणारी कंपनी) आणि बेथेस्डाने (स्कायरिमची कंपनी) २३ एप्रिल २०१५ ला स्कायरिमचे मॉड विकत द्यायला सुरुवात केली आणि २७ एप्रिलला गुंडाळली, घेणाऱ्यांना पैसे परत करून. कर्त्याचा वाटा २५ टक्के होता, त्यावरून बरीच आरडाओरड झाली. मला त्यातला दुसराच भाग जास्त शिकवून गेला. पहिल्याच खेपेत विकायला ठेवलेला मासेमारीचा एक मॉड दुसऱ्या एका कर्त्याच्या ॲनिमेशनवर उभा होता, आणि त्या माणसाला पैशांच्या व्यवहारात पडायचं नव्हतं. मॉड मागे घ्यावा लागला. तोवर कुणी कुणाचं काय वापरलंय हे कुणी मोजत नव्हतं, कारण सगळंच फुकट होतं. कालपर्यंत शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणत होतो, त्याच साखरेच्या बर्फीवर आज किंमतीची चिठ्ठी लागली.

आणि किंमत लावली की घेणाऱ्याचं नातंच बदलतं. आपल्या पेठांतल्या गणपतीचे देखावे बघ. मंडळ वर्गणी घेतं, देखावा रस्त्यावर सगळ्यांना फुकट. वर्गणी दिलेला माणूस 'यंदा मजा नाही आली' म्हणतो, पण पावती दाखवून पैसे परत मागत नाही. त्याच मांडवाला दहा रुपयांचं तिकीट लाव, तोच माणूस आत पंखा का नाही विचारेल, आणि त्याचं बरोबर असेल. सप्टेंबर २०२३ मध्ये स्टारफील्ड हा गेम आला तेव्हा त्यात एनव्हिडियाचं डीएलएसएस (गेम वेगात चालवणारं तंत्र) नव्हतं. एका कर्त्याने ते मॉड म्हणून दिलं, पण त्याच्या मासिक वर्गणीदारांनाच, तेही कुलूप घालून. लोकांनी लगेच कुलूप तोडलं, दुसऱ्याने तसाच मॉड फुकट सोडला, आणि नोव्हेंबरात गेमनेच डीएलएसएस द्यायला सुरुवात केली. त्या माणसाचं कौशल्य अस्सल होतं, लोक मात्र आजही त्याची आठवण कुलपावरून काढतात.

तुला माझा सल्ला वर्गणीचा. बस फुकट ठेव, खाली 'चहा पाजायचा असेल तर' म्हणून क्यूआर कोड दे. रोजच्या वापरातला यूपीआय आयडी देऊ नकोस. बऱ्याचदा आयडीतच मोबाइल नंबर असतो आणि पूर्ण नाव तर दिसतंच. शिव्या देणाऱ्यांच्या हातात तुझा नंबर कशाला? आलेल्या पैशांच्या बदल्यात काही कबूल करू नकोस, 'वर्गणीदारांना अपडेट आधी' हेसुद्धा नको, निदान शिक्षण संपेपर्यंत.

आता मॉड काढून टाकण्याविषयी. इथे माझं मत आपल्यातल्या बऱ्याच जणांना रुचत नाही. नेक्सस मॉड्स या साइटने जुलै २०२१ मध्ये जाहीर केलं की यापुढे कर्त्याला फाइल कायमची पुसता येणार नाही, फार तर ती नजरेआड जाईल. शेकडो मॉडचा संच एका झटक्यात उतरवता येईल अशी सोय त्यांना आणायची होती, आणि त्यातली मधलीच एक वीट गेली तर संच कोसळतो. मान्य नसेल त्यांनी साधारण महिनाभरात आपलं सामान उचलावं, अशी मुदत दिली. बऱ्याच जुन्या कर्त्यांनी खरंच उचललं. माझे दोन मित्र त्यात होते. त्यांचा राग मला समजतो. वीस वर्षं ज्या अंगणात वाढलो तिथे एका सकाळी नवा नियम लागला, तोही महिन्याच्या नोटिशीवर. रीत वाईट होती. पण मूळ मुद्द्यावर मी साइटच्या बाजूने आहे. दिलेली गोष्ट लोकांच्या सेव्हमध्ये जाऊन बसली की ती माघारी ओढताना कर्त्याला काही लागत नाही, लागतं ते घेणाऱ्याला. हे बोलल्यापासून दोघांपैकी एक जण दिवाळीला फराळाला येत नाही.

तेव्हा कंटाळा आला असेल तर थांब, पण फाइल राहू दे. 'काम थांबवलं आहे, अमुक व्हर्जनपर्यंत चालते' एवढं लिही. पुढे कुणी सांभाळायला तयार असेल तर नाव ठेवण्याच्या अटीवर परवानगी देऊन टाक. एकच अपवाद: प्रकरण घरापर्यंत आलं, कुणी पत्ता-फोटो फिरवायला लागलं, तर बिनदिक्कत सगळं काढ आणि सायबर पोलिसांकडे तक्रार कर. तिथे कुणाच्या सेव्हचा विचार करायचा नाही.

आणि एक गोष्ट तुझ्या प्रश्नात कुठेच नाही. बस मोडली कुणी? तू नाही, शिव्या देणाऱ्यांनीही नाही. गेम अपडेट झाला. ईटीएस २०१२ चा आहे आणि अजून त्याची नवी व्हर्जन येतात, दर वेळी आतलं काहीतरी हलतं. २०२० मध्ये १.३७ या व्हर्जनला आवाजाची सगळी यंत्रणा एफमॉड नावाच्या वेगळ्या प्रणालीवर गेली आणि जुन्या पद्धतीचे आवाज एका रात्रीत मुके झाले. माझा अंदाज आहे की तुझा आवाज कुठल्यातरी जुन्या मॉडमधून आलाय, बघ तपासून. फॉलआउट ४ चं उदाहरण तर याहून मोठं. लंडन शहर उभं करणारा फॉलआउट: लंडन हा प्रचंड मॉड २३ एप्रिल २०२४ ला यायचा होता. बेथेस्डाने मूळ गेमचं मोठं अपडेट २५ एप्रिलला येणार असं आधीच जाहीर केलं, त्यात मॉडचा पाया हलणार हे दिसत होतं, म्हणून मॉड लांबला. २५ जुलैला आला तेव्हा लोकांना गेम आधी जुन्या व्हर्जनवर न्यावा लागला. वर्षानुवर्षं फुकट राबलेल्या माणसांना 'उशीर का' विचारलं जातं, कारण ती माणसं हाताशी असतात. कंपनीला मेसेज कोण करणार?

यावर ईटीएसपुरता एक साधा तोडगा आहे. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये बीटाचा रकाना असतो, तिथून जुनं व्हर्जन निवडता येतं. हे तुझ्या रीडमीत पहिल्या ओळीला लिही. निम्मे 'अपडेट कधी' तिथेच थांबतील.

रीडमीवरून आठवलं. माझी रीडमी आधी दोन पानी असायची, नम्र, इंग्रजीत. कुणी वाचली नाही. मग एकदा शनिवार पेठेत एका वाड्याच्या दारावरची पाटी वाचत उभा होतो आणि लक्षात आलं की हे काम आपल्या शहराने कधीच सोडवलेलं आहे. तेव्हापासून माझी रीडमी अशी असते:

"मॉड फुकट आहे. मत मागितलेले नाही.
गेमचे व्हर्जन न सांगता 'चालत नाही' असे लिहिणाऱ्याचे चालणार नाही.
गेमची लॉग फाइल जोडावी. ती कुठे असते हे खाली लिहिले आहे. खाली वाचावे.
अपडेट परीक्षेनंतर. परीक्षा कोणाची हे विचारू नये.
बदल करण्यास परवानगी आहे. नाव काढण्यास नाही."

लोक हसतात, स्क्रीनशॉट काढून पाठवतात आणि मुख्य म्हणजे वाचतात. शिवीगाळ पूर्ण थांबली असं म्हणणार नाही, पण आता लॉग (गेमने स्वतः लिहिलेली चुकांची नोंद) जोडून येते, त्यामुळे बग तरी सापडतो. पुढे मोबाइलवरच्या गेमसाठी बस केलीस तर एक ओळ वाढव: किती रॅमच्या फोनवर चालते. 'भाई लॅग होतंय' म्हणणारा तीन जीबीचा फोन घेऊन बसलेला असतो आणि आपण त्याच्यासाठी रिव्हेटसुद्धा थ्रीडी केलेला असतो.

परीक्षा झाली की ये एकदा. दापोडीच्या एसटीच्या कार्यशाळेच्या बाहेर उभं राहिलं तरी नव्या बांधलेल्या गाड्या दिसतात, तुला संदर्भाला फोटो मिळतील.

आणि हो, उत्तर लिहायच्या आधी तुझी बस उतरवून जुन्या व्हर्जनवर तासभर चालवली. सुंदर आहे. फक्त कंडक्टरच्या घंटेची दोरी पुढच्या दारापाशीच संपते, ती ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या घंटेपर्यंत जायला हवी. आणि डाव्या बाजूची तिसरी खिडकी उघडत नाही. घाई नाही, सहज सांगतोय. लॉग जोडला आहे.